इंजिन काढायला सहा तास

दाताचे डॉक्टर रोज सकाळी अकराच्या ठोक्याला फोन करत आणि रोज एकच प्रश्न विचारत.

"काय हो ताई, इंजिन काढायला किती वेळ लागतो?"

जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या त्या वर्कशॉपात ताईला नोकरीला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. काचेची केबिन, त्यात एक टेबल, एक फोन आणि एक वही. फोन घ्यायचा, वहीत लिहायचं, आलेल्या माणसाला बसवायचं. काम सोपं आहे असं सांगूनच तिला घेतलं होतं. चोवीस वर्षं घर सांभाळल्यावर हे काय अवघड, असं तिलाही वाटलं होतं. पण घरात भात शिजायला किती वेळ लागतो हे विचारलं तर निदान एकच उत्तर मिळतं.

नवऱ्याची पाठ गोदामात पोती उचलताना गेली तेव्हापासून तो फळीवर उताणा पडून होता आणि तिथून सगळ्या घराला सूचना देत होता. घर आता ताईच्या या टेबलावर चाललेलं होतं. टेबल मात्र अजून तिचं झालेलं नव्हतं. एक महिना बघू, मग ठरवू, असं मालकीण म्हणाली होती आणि हा चौथा आठवडा होता.

मालकीण पस्तिशीची, केस बारीक कापलेले, बोलणं त्याहून बारीक कापलेलं. वडिलांच्या मागे वर्कशॉप तिनं उचलून धरलं होतं. पहिल्याच दिवशी तिनं ताईला सांगितलं होतं, "इथं एकच नियम. कुठल्याही मिस्त्रीच्या वस्तूला हात लावायचा नाही. तुमच्या आधी एक जण होता. फार टापटिपीचा. एका गाडीचे सुटे केलेले सगळे बोल्ट त्यानं गोळा केले, पुसले आणि एका डब्यात छान भरून ठेवले."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी तो नव्हता."

ताईनं तेव्हापासून टेबलावरची स्वतःची पेन्सिलसुद्धा जपून उचलायला सुरुवात केली होती.

तर डॉक्टरांची गाडी. लांब नाकाची, दोनच माणसांची, डोक्यावर छप्पर नाही, रंग उडालेला हिरवा. जमिनीला इतकी टेकलेली की चाकं काढून ठेवलीत की काय असं ताईला वाटलं. डॉक्टरांनी ती तरुणपणी हौसेनं घेतली, काही वर्षं उडवली, मग एकोणीस वर्षं चादरीखाली झोपवली. आता दवाखाना बंद केल्यावर त्यांना तिची आठवण झाली होती. इंजिन आतून गंजलंय का हे बघायचं तर ते बाहेर काढायला हवं, आणि बाहेर निघताना डॉक्टरांना तिथं हजर राहायचं होतं. म्हणून रोज फोन.

ताईनं आधी थोरल्या मिस्त्रींना विचारलं. त्यांना सगळे काका म्हणत. अडुसष्ट वर्षांचे, हाडं मोजून घ्यावीत असे बारीक, आणि मालकिणीला पाना धरायला त्यांनीच शिकवलेलं. गाडीवरून नजर न काढता ते म्हणाले, "सहा तास."

मग तिनं पत्र्याचं काम करणाऱ्या लंबूला विचारलं. तो म्हणाला, "तीन दिवस धरा. बोल्ट रुसले तर आठवडा."

मग मालकिणीला. ती म्हणाली, "काका सांगतील तेवढा."

"ते सहा तास म्हणतात."

"मग सहा तास."

सोमवारी सकाळी नऊला काकांनी गाडीचं बोनेट उतरवलं. ताईनं बोटं मोजली, मधली जेवणाची सुट्टी धरली आणि डॉक्टरांना सांगून टाकलं की संध्याकाळी चारला या. डॉक्टर नवा शर्ट घालून आले. इंजिन जागच्या जागी होतं. रेडिएटर तेवढा बाहेर आला होता आणि काका एका बोल्टवर थेंबथेंब तेल सोडून त्याच्याकडे बघत बसले होते.

"काका, सहा तास झाले ना?" ताईनं हळूच विचारलं.

"कुठे? अजून तीनसुद्धा नाहीत."

ताईनं केबिनमध्ये येऊन पुन्हा बोटं मोजली. नऊपासून चारपर्यंत सातच होत होते. आपण रात्रीत गणित विसरलो का, असा तिला खरोखर प्रश्न पडला.

"मी दाढ काढायच्या आधी सांगायचो, वीस मिनिटं," डॉक्टर तिला म्हणाले. "आणि विसाव्या मिनिटाला दाढ ट्रेमध्ये."

"दाढ एकोणीस वर्षं चादरीखाली नसते ना, डॉक्टर."

"काही पेशंटच्या तोंडात बघितलं असतं तर तुम्ही असं बोलला नसता."

या सगळ्यात एक चांगली गोष्ट घडली होती, तिचंच काय ते ताईला समाधान. वर्कशॉपात कुठं घड्याळच नव्हतं. पहिल्या आठवड्यात तिनं मालकिणीजवळ तसं बोलून दाखवलं होतं, तक्रार म्हणून नाही, नुसतं सहज. मालकीण हूं म्हणाली होती. आणि सोमवारी सकाळी बघते तर काकांच्या बाकाशेजारच्या खांबावर छोटंसं पांढरं घड्याळ! केबिनच्या काचेतून सरळ दिसेल असं. आपल्या एका शब्दावर या बाईनं घड्याळ लावलं, असं ताईला वाटलं. गेल्या कित्येक वर्षांत तिनं सांगितलं आणि लगेच झालं असं काही घडल्याचं तिला आठवत नव्हतं.

घड्याळ मात्र गुणाचं नव्हतं. सकाळपासूनच भलती वेळ दाखवत होतं. दुपारी सगळे बाहेरच्या ओट्यावर जेवायला गेले तेव्हा तिनं जवळ जाऊन पाहिलं, तर ते चक्क बंद पडलेलं. सेल काढून खालच्या फळीवर ठेवलेला. संपला म्हणून कुणीतरी काढला आणि नवा घालायचा आळस केला, दुसरं काय! ताईनं आपल्या खणातला नवा सेल घातला, काटे फिरवून वेळ लावली, काच पदरानं पुसली. जुना सेल कचऱ्यात टाकला.

जेवून परत आल्यावर काका त्या घड्याळासमोर बराच वेळ उभे राहिले. ताईनं काचेतून पाहिलं आणि तिला बरं वाटलं. म्हाताऱ्या माणसाच्या लक्षात आलं म्हणायचं.

मंगळवारी सकाळी ती आली तर घड्याळ पुन्हा बंद. सेल पुन्हा फळीवर. काटे तर तिसरीच वेळ दाखवत होते. तिनं पुन्हा सगळं नीट केलं. दुपारी पुन्हा तेच. आता मात्र ती चक्रावली. सेल बोटात फिरवून बघितला, तर कालचाच, तिनंच घातलेला, चांगला. चांगला सेल काढून ठेवतं कोण?

"लंबू, तुमच्या रेडिओला सेल कुठले घालता हो?" तिनं अगदी सहज सुरात विचारलं.

"रेडिओ वायरवर चालतो, ताई. का?"

"काही नाही. आवाज छान आहे."

लंबू तिच्याकडे बघत राहिला. रेडिओ गेले दोन दिवस बंद होता.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो छताकडे बघत म्हणाला, "घड्याळ सेल काढून ठेवतं, सात तासांचे तीन होतात, आणि तू तिथं पगारी नोकर आहेस. नक्की गाड्याच दुरुस्त करतात ना?"

"उद्या तीनला तुमच्या डॉक्टरकडे जायचंय, लक्षात आहे का?"

"मी कुठं जाणार आहे? इथंच आहे."

बुधवारी सकाळी तिनं घड्याळ चौथ्यांदा लावलं. त्या दिवशी काकांचं काही ठीक दिसत नव्हतं. हातात पाना घ्यायचे आणि खाली ठेवायचे. एकदा ते केबिनच्या दारात येऊन उभे राहिले.

"ताई, तुम्हाला कधी असं होतं का? आपण एखादी गोष्ट केली असं अगदी नक्की आठवतं, आणि ती केलेलीच नसते?"

"रोज! काका, मी गॅस बंद केला की नाही ते बघायला अर्ध्या वाटेतून परत गेलेय."

"आणि केलेला असतो?"

"कधी असतो, कधी नसतो."

हे उत्तर त्यांना मुळीच आवडलं नाही. ते मान हलवत परत गेले. ताईला वाटलं, घरचं काहीतरी असेल. तीनला, काका गाडीखाली असताना, ती मालकिणीला सांगून निघाली आणि नवऱ्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. लंबूची त्या दिवशी सुट्टीच होती.

गुरुवारी सकाळी घड्याळ बंद होतं, पण आज ताईकडे त्याला वेळ नव्हता. वहीत कालचे निरोप उतरवायचे होते. केबिनला लागूनच मालकिणीची खोली, मधे पातळ पत्र्याची भिंत. पलीकडची खुर्ची सरकली तरी अलीकडे कळायची.

"पोरी, एवढं इंजिन काढून देतो," काकांचा आवाज आला. "मग मी थांबतो."

"थांबतो म्हणजे? सुट्टी हवीय का?"

"सुट्टी नाही. बास करतो. डोकं चालेनासं झालंय."

"कोण म्हणतं?"

"घड्याळ म्हणतं."

ताईची पेन्सिल थांबली.

"तुला माहितीय माझी पद्धत," काका सांगत होते. "मोठं काम घेतलं की घड्याळ बारावर लावून खांबाला टांगायचं. गाडीला हात लागला की सेल आत, हात निघाला की सेल बाहेर. चहा, जेवण, बोल्ट तेलात भिजायची वाट बघणं, त्यातलं काही धरायचं नाही. काम संपलं की घड्याळ सांगतं हातांना किती वेळ लागला. या जातीची सहा इंजिनं काढली मी, दरवेळी सहा तास. पाच-दहा मिनिटं इकडे तिकडे. तुझे वडील पैज लावायचे आणि हरायचे."

"माहितीय, काका."

"तीस वर्षांत सेल काढायला विसरलो नाही. आणि या आठवड्यात पाच वेळा. पाच! मी काढून फळीवर ठेवतो, मला माझी बोटं दिसतात ठेवताना. परत येतो तर घड्याळ चालू. काटेसुद्धा भलतीकडेच. आज सेल विसरतोय, उद्या जॅकवर उचललेल्या गाडीला घोडीचा टेकू लावायला विसरेन आणि गाडी कुणाच्या तरी छातीवर येईल. त्याच्या आधी घरी गेलेलं बरं."

पलीकडे मालकिणीची खुर्ची सरकली.

पहिल्यांदा ताईच्या मनात आलं ते काही फार थोर नव्हतं. मनात आलं की कुणालाही कळलेलं नाही. आजपासून घड्याळाकडे बघायचंच नाही. चार दिवसांनी महिना पूर्ण होतोय. म्हातारे काका आज ना उद्या घरी बसणारच. फळीवर उताणा पडलेला नवरा तिला दिसला, डब्यात भरलेले ते पुसलेले बोल्ट दिसले. मग तिला काका दिसले, केबिनच्या दारात उभे, आणि तिनं त्यांना ऐटीत दिलेलं उत्तर आठवलं. कधी असतो, कधी नसतो.

ती उठली आणि मालकिणीच्या खोलीत दार न वाजवता शिरली.

"घड्याळ मी चालू करत होते," ती म्हणाली.

दोघांनीही माना वळवल्या.

"मला वाटलं ते सगळ्यांसाठी आहे. म्हणजे, माझ्यासाठी. मी पहिल्या आठवड्यात म्हणाले होते ना घड्याळ नाही म्हणून. मला वाटलं तुम्ही लावलंत. ते बंद दिसलं की मी सेल घालायचे. वेळ लावायचे. पुसतही होते."

"पुसत होतात," मालकीण म्हणाली.

"पदरानं."

काका खुर्चीवरून अर्धे उठले. चेहरा लाल. ताईनं मनाची तयारी केली. पण ते ओरडले नाहीत. डॉक्टर पेशंटला विचारतात तसं ते एकेक विचारायला लागले.

"सोमवारी दुपारी?"

"मीच."

"मंगळवारी सकाळी, मी यायच्या आधी?"

"मीच."

"दुपारी?"

"तेव्हाही."

"बुधवारी सकाळी?"

"हो."

दर उत्तराला त्यांचे खांदे थोडे खाली येत होते, जसं कुणी एकेक पोतं उतरवून घेतंय. चार बोटं मिटली होती. अंगठा तेवढा राहिला.

"आणि बुधवारी संध्याकाळी. पाचला मी हात धुवायला गेलो, परत आलो तर चालू होतं."

बुधवारी पाचला ताई नवऱ्याच्या डॉक्टरच्या बाकावर बसून भिंतीवरचा पाठीच्या कण्याचा तक्ता वाचत होती. लंबू नव्हता. राहिले कोण? काका आणि मालकीण. तिनं मालकिणीकडे पाहिलं. मालकिणीनं अगदी बारीक मान हलवली. मी नाही.

काकांचा अंगठा तसाच उभा होता. तिला कळेना. चार वेळा घोळ झाल्यावर पाचव्यांदा कोण विसरणार नाही? घाबरलेला माणूस काय, सेल काढला समजून नुसतेच हात धुवायला जाईल. ते विसरणं धरायचं की नाही? ती स्वतः कितीदा गॅसपाशी परत गेली होती, तिला कुणी घरी बसवलं नव्हतं. पण तिच्या गॅसखाली कुणी झोपलेलंही नव्हतं.

"तेही मीच, काका," ती म्हणाली. "जाता जाता."

अंगठा मिटला. काकांनी मूठ मांडीवर ठेवली आणि इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही माझा जीव घेतला असता." आणि हसायला लागले, खोकला येईपर्यंत. "पुसत होती म्हणे! पदरानं!" तसेच हसत ते बाहेर गाडीकडे गेले.

मालकिणीनं दार लावून घेतलं. ताई उभीच होती.

"काल तुम्ही तीनला गेला होतात. मीच सुट्टी दिली होती."

"हो."

"म्हणजे आत्ता तुम्ही माझ्यासमोर खोटं बोललात."

"हो."

"का?"

"मला माहीत नाही," ताई म्हणाली, आणि हे खरं होतं. "बरोबर केलं की चूक, तेही कळत नाहीये. तुम्हाला कळतंय का?"

मालकीण खिडकीतून काकांकडे बघत होती. ते गाडीच्या लांब नाकात कमरेपर्यंत शिरले होते, फक्त पाय दिसत होते.

"नाही," ती म्हणाली. ताईला ती एकदम लहान वाटली, कुणाची तरी मुलगी वाटावी तशी. "त्यांना घरी पाठवलं तर ते महिनाभर टिकणार नाहीत. इथं ठेवलं आणि उद्या खरंच काही विसरले तर? मी प्रत्येक वेळी त्यांच्या मागे उभी राहू शकत नाही. आणि मी उभी राहिले तर त्यांना लगेच कळेल, मी कशासाठी उभी आहे ते."

फोन वाजला. अकरा झाले असणार. कुणी उचलला नाही.

"ताई, तुम्हाला गाडीतलं काय कळतं?"

"काही नाही."

"बोनेट उघडल्यावर काय दिसतं?"

"पसारा."

"मग तुम्ही जा तिकडे," मालकीण म्हणाली. "त्यांच्या शेजारी उभ्या राहा आणि विचारत राहा. हे काय, ते काय, हे सोडवलं का, ते का नाही सोडवलं. तुम्ही आल्यापासून बघतेय, तुम्हाला दिवसाला पन्नास प्रश्न पडतात. नवीन बाई शिकतेय म्हटल्यावर त्यांना राग येईल, संशय येणार नाही. टेबल अर्धा दिवस, गाडीपाशी अर्धा दिवस. महिन्याचं काही बघायला नको आता."

ताईला आधी कळलंच नाही की नोकरी पक्की झाली. कळलं तेव्हा आनंद व्हायला हवा होता, तो झाला, पण त्याच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी आत शिरलं. ते काय, हे तिला सांगता आलं नसतं.

दुपारी वरच्या तुळईला इंजिन उचलायची चेनकप्पी लागली. इंजिनाला साखळ्या बांधल्या, लंबू साखळी ओढायला उभा राहिला, आणि निरोप मिळालेले दाताचे डॉक्टर तोच नवा शर्ट घालून दाराशी. काकांनी गाडीभोवती फिरून एकेक बोल्ट बोटानं तपासला. ताई त्यांच्या मागून फिरत होती.

"हे काय?"

"इंजिनाचा पाय. सोडवलाय."

"आणि ही नळी?"

"पेट्रोलची. सोडवलीय. ताई, बाजूला उभ्या राहा जरा."

"ही वायर?"

"सोडवलीय हो! बघा ना, लोंबतेय." ते लंबूकडे वळले. "घे रे. हळू."

साखळी कडकडली. इंजिन एक इंच वर आलं, दोन इंच. ताई वाकून अंधाऱ्या कोपऱ्यात बघत होती. तिथं एक चपटी विणलेली पट्टी होती, काळी पडलेली, इंजिनापासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत गेलेली आणि हळूहळू ताणली जात असलेली. गाडीचं नाकही थोडं वर आल्यासारखं तिला वाटलं. की तिचेच डोळे?

"आणि हा पट्टा कसला, काका?"

"थांब!" काका ओरडले. लंबू थांबला. इंजिन लोंबत राहिलं.

काका वाकले. बघितलं. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"विजेच्या अर्थिंगची पट्टी," ते म्हणाले. "शेवटी सोडवायची असते."

"बरं."

"मी सोडवणारच होतो."

"हो, काका."

ते सरळ झाले आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं. लंबूकडे नाही, गाडीकडे नाही, फक्त तिच्याकडे.

"तू का विचारलंस?"

"मला कळलं नाही म्हणून विचारलं."

हे उत्तर त्यांनी तोंडात घोळवल्यासारखं केलं. त्यांना पटलं की नाही, तिला समजेना. त्यांनी हात पुढे केला.

"दहाचा पाना दे."

ताईनं पेटीतल्या पान्यांवर नजर फिरवली. सगळे एकसारखे. तिनं एक उचलून दिला. तो बाराचा निघाला. काकांनी तो परत तिच्या हातात ठेवला, आणि ती पुन्हा शोधायला लागली.